‘बेसिक’वाले केमेनी सर

शाळेत कॉम्प्युटर लॅबच्या बाहेर बूट काढून, रांगेने आत जाऊन आपण पहिल्यांदा काय केलं होतं, आठवतंय का? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तरी सगळ्यांनी एकच गोष्ट केली. १० नंबरच्या ओळीवर ‘प्रिंट’ आणि पुढे आपलं नाव, २० नंबरच्या ओळीवर ‘गोटू १०’. मग ‘रन’! स्क्रीनभर नावच नाव. टीचर येऊन बंद करीपर्यंत ते थांबायचं नाही. आता शाळांत स्क्रॅच आणि पायथन आलंय. पण जगभरातल्या कितीतरी लोकांचा पहिला प्रोग्रॅम ह्या ‘बेसिक’ भाषेतच होता. ही भाषा कुठल्या कंपनीने काढली नव्हती. गणिताच्या दोन मास्तरांनी ती आपल्या कॉलेजातल्या पोरांसाठी काढली. त्यातले एक थॉमस कुर्ट्झ आणि दुसरे जॉन केमेनी. हा लेख केमेनी सरांवर.

केमेनी मूळचे अमेरिकन नव्हेत. ३१ मे १९२६ रोजी हंगेरीत, बुडापेस्ट शहरात, एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. हिटलरचं सावट वाढत चाललेलं वडिलांनी ओळखलं. १९३८ मध्ये ते एकटेच पुढे अमेरिकेला गेले आणि १९४० मध्ये बायकामुलांना बोलावून घेतलं. आजोबा मात्र देश सोडायला तयार झाले नाहीत. ते मागे राहिले आणि नाझींच्या संहारात गेले. तेरा वर्षांचा जॉन न्यूयॉर्कच्या शाळेत दाखल झाला, आणि तीनच वर्षांत पहिल्या नंबराने बाहेर पडला. मग प्रिन्स्टन विद्यापीठ, विषय गणित.

शिक्षण अर्धवट असतानाच सैन्याचं बोलावणं आलं आणि १९४५ मध्ये रवानगी झाली लॉस अलामोसला, म्हणजे जिथे अणुबॉम्ब बनत होता तिथे! वय अवघं अठरा-एकोणीस. हिशोब करणाऱ्या विभागात काम होतं आणि वरिष्ठ होते रिचर्ड फाइनमन (हो, तेच, ज्यांची पुस्तकं आपल्या लायब्ररीत कायम ‘इश्यूड’ असतात). तिथे कॉम्प्युटर नव्हता. पंच केलेली कार्डं एका मशीनमधून दुसऱ्या मशीनमध्ये हाताने न्यायची, रात्रंदिवस, पाळ्या लावून. एकेका गणिताला आठवडेच्या आठवडे जायचे. पुढे केमेनी आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत की आम्ही सगळ्यांनी मिळून वर्षभरात जेवढं गणित केलं, तेवढं तुमच्यातला एक जण आता एका दुपारी करू शकतो.

पुढचा बायोडेटा वाचून आपल्याला उगाच न्यूनगंड येईल, म्हणून भरभर सांगते. १९४९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, अलोंझो चर्च ह्यांच्या हाताखाली पीएच.डी. त्याच सुमारास वर्षभर अल्बर्ट आइनस्टाइन ह्यांचे गणितातले सहाय्यक. १९५३ मध्ये डार्टमथ कॉलेजात प्रोफेसर आणि दोन वर्षांत विभागप्रमुख.

डार्टमथ हे न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाच्या छोट्या गावातलं कॉलेज. सुरुवातीला तिथे कॉम्प्युटरच नव्हता. कुर्ट्झ सर पंचकार्डांचा गठ्ठा घेऊन रेल्वेने बॉस्टनच्या बाजूला एम.आय.टी.त जायचे, तिथल्या मशीनवर प्रोग्रॅम चालवायचे आणि रिझल्ट घेऊन परत. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर पुढच्या खेपेला! १९५९ मध्ये कॉलेजने एक छोटं मशीन घेतलं, एल.जी.पी.-३० नावाचं. सरांनी ते पोरांच्या हातात दिलं. आणि पदवीच्या पोरांनी त्यावर ‘अल्गोल’ भाषेचा कंपायलर लिहून दाखवला. मला वाटतं, केमेनींच्या डोक्यात जे पुढे शिजलं त्याची फोडणी इथे पडली.

त्यांचा विचार साधा होता. डार्टमथमध्ये सायन्स-इंजिनिअरिंगची मुलं फार तर चौथा हिस्सा. बाकीची इतिहास, साहित्य, अर्थशास्त्रवाली. उद्या सरकारात आणि कंपन्यांत बसून निर्णय घेणार तीच, आणि कॉम्प्युटर म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसेल तर कसं चालेल? म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला कॉम्प्युटर वापरता आला पाहिजे, तोही फुकट. जसं लायब्ररीत जाऊन कपाटातलं पुस्तक स्वतः काढून घेतो, कोणी परवानगी विचारत नाही, तसं.

ह्यात अडचणी दोन होत्या. एक, मशीन एक आणि मुलं शेकडो. त्यावर उपाय ‘टाइम शेअरिंग’. मशीन प्रत्येकाला क्षणभर वेळ देतं, लगेच पुढच्याकडे वळतं, आणि हे इतक्या चटकन होतं की प्रत्येकाला वाटावं, मशीन माझंच आहे. ही कल्पना एम.आय.टी.तल्या जॉन मॅकार्थी ह्यांनी कुर्ट्झना सुचवली होती. दुसरी अडचण भाषेची. फोरट्रान आणि अल्गोल इतिहासाच्या मुलाला कोण शिकवणार? कुर्ट्झना आधी वाटत होतं की त्यातलाच सोपा भाग उचलावा. केमेनी म्हणाले, नाही, नवीनच भाषा करू. प्रत्येक ओळ साध्या इंग्रजी शब्दाने सुरू व्हायची, लेट, प्रिंट, इफ. मशीनवर यायचं तर ‘हॅलो’ आणि जायचं तर ‘गुडबाय’. कॉम्प्युटरशी कोणी असं सभ्यपणे बोलू शकतं, हेच तेव्हा नवीन होतं.

आता खरी गंमत. मोठं मशीन घ्यायला पैसे हवेत, म्हणून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे प्रस्ताव पाठवला. त्यात म्हटलेलं, की ही अख्खी सिस्टीम आमचे पदवीचे विद्यार्थी लिहितील. तपासणाऱ्या तज्ज्ञांपैकी काहींना शंका आली. ज्या कामात मोठमोठ्या संस्थांचे इंजिनिअर अडखळतायत, ते कॉलेजची पोरं करणार?

इथे जरा थांबते. मार्च महिना आला की आपल्या होस्टेलमध्येही प्रस्तावच लिहिले जातात. ‘गूगल समर ऑफ कोड’ २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून उन्हाळ्याची सुट्टी आणि ओपन सोर्स ही जोडीच झाली आहे. माझी रूममेट यंदा लहान मुलांच्या एका शैक्षणिक सॉफ्टवेअरसाठी लिहितेय, अपूर्णांक शिकवणारा भाग, मराठी सूचनांसकट. तिलाही एका वडीलधाऱ्यांनी हेच विचारलं, की थर्ड इयरच्या मुलीकडून हे होणार का? ती काही बोलली नाही. मेसमधून आली आणि टाइमलाइन लिहीत बसली. म्हणून हा १९६३ सालचा प्रस्ताव मला महत्त्वाचा वाटतो. केमेनींना पगारी प्रोग्रॅमर मागता आले असते. त्यांनी ते मागितले नाहीत.

अनुदान मिळालं. १९६३ च्या उन्हाळ्यात केमेनी स्वतः बेसिकचा कंपायलर लिहायला बसले. विभागप्रमुख, बरं का! मशीन अजून आलंच नव्हतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीची मशीन्स १९६४ च्या फेब्रुवारीत हॅनोव्हरला आली. मग विद्यार्थ्यांनी कंबर कसली. मायकेल बुश आणि जॉन मॅकगीची ह्या दोन पोरांवर टाइम शेअरिंगचं मुख्य काम होतं. दोन वेगळी मशीन्स, एक हिशोब करणार, दुसरं टेलिटाइपवरून येणारे संदेश सांभाळणार, आणि दोघांनी एकमेकांशी नीट बोलायचं. दिवसा कॉलेज, रात्री कोड. आपल्याला हे टाइमटेबल नवीन नाही. १ मे १९६४, पहाटेचे चार. कॉलेज हॉलच्या तळघरात दोन टेलिटाइपवर दोन बेसिक प्रोग्रॅम एकाच वेळी चालले आणि दोन्हींची उत्तरं बरोबर आली.

पुढे ते आगीसारखं पसरलं. दोन-तीन व्याख्यानं ऐकली की मुलगा प्रोग्रॅम लिहायला लागे. गेम खेळायलाही मनाई नव्हती (आमच्या लॅब असिस्टंटनी हे वाक्य दोनदा वाचावं). साठच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या शाळा टेलिफोनच्या तारांनी त्याच मशीनला जोडल्या गेल्या. आणि भाषेसाठी डार्टमथने कोणाकडून पैसे घेतले नाहीत. ज्याला हवी त्याने न्यावी, आपल्या मशीनवर बसवावी.

मग १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन ह्यांनी आल्टेअर कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिलं आणि विकायला काढलं. मायक्रोसॉफ्टचा पहिला माल तो. लोक कॉपी करायला लागले तेव्हा १९७६ मध्ये गेट्सनी रागाचं जाहीर पत्र लिहिलं. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने ‘टायनी बेसिक’वाल्यांनी आपला कोड फुकट वाटला, आणि त्यातल्या एकावर ‘कॉपीलेफ्ट’ हा शब्द छापून आला. एकाच भाषेच्या पोटी दोन्ही घराणी जन्मली!

केमेनी १९७० ते १९८१ डार्टमथचे अध्यक्ष होते. तोवर ते मुलांचंच कॉलेज होतं, म्हणजे ती सिस्टीम लिहिणारे विद्यार्थी सगळे मुलगेच. १९७२ मध्ये केमेनींनी मुलींना दार उघडलं. जुन्या माजी विद्यार्थ्यांची कुरकुर झाली, सरांनी ती सहन केली. मला विचाराल तर हे काम बेसिकच्या तोडीचं. अध्यक्ष असतानाही त्यांनी वर्गात शिकवणं सोडलं नाही. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्याच्या चौकशी आयोगाचे प्रमुख म्हणून राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनी त्यांनाच नेमलं.

बेसिकवर टीकाही खूप झाली, ‘गोटू’मुळे मुलांना वाईट सवयी लागतात म्हणून. गंमत म्हणजे बाजारातल्या बेसिकची दशा बघून केमेनी आणि कुर्ट्झ स्वतःच वैतागले होते. त्यांनी ऐंशीच्या दशकात ‘ट्रू बेसिक’ नावाची सुधारलेली आवृत्ती काढली, कंपनी काढून, पैसे घेऊन. ती फारशी चालली नाही. मशीनबरोबर फुकट आलेलं बेसिक असताना विकत कोण घेणार?

अध्यक्षपद सोडल्यावर सर परत गणिताच्या वर्गात गेले. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी ते वारले. कुर्ट्झ सर २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत होते, ९६ वर्षांचे. हॅनोव्हरमध्ये रस्त्याच्या कडेला न्यू हॅम्पशायर राज्याने २०१९ मध्ये एक पाटी उभारली आहे, जशी आपल्याकडे किल्ल्याच्या पायथ्याशी असते तशी. ती बेसिकच्या नावाची आहे.