धूमकेतूचा निर्माता

चार जेट इंजिनांचे जगातील पहिले प्रवासी विमान कोणी तयार केले, हे तुम्हांला माहीत आहे का? त्यांचे नाव सर जेफ्री डी हॅविलँड.

जेफ्रींचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील पाद्री होते. जेफ्रींना मात्र यंत्रांचा नाद होता. आजोबांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी आपले पहिले विमान बांधले. त्याच्या पंखांचे कापड त्यांच्या पत्नीने शिवले. ते विमान कोसळले. पण जेफ्रींनी हिंमत सोडली नाही. त्यांनी दुसरे विमान बांधले आणि १९१० साली ते स्वतः उडवले.

१९२० साली त्यांनी विमान बांधणारी कंपनी काढली. तुम्ही जे. आर. डी. टाटा यांचे नाव ऐकले असेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी ज्या विमानातून कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते याच कंपनीचे होते.

जेफ्रींची दोन मुले विमान अपघातांत मरण पावली; एक १९४३ साली, दुसरा १९४६ साली. एवढे दुःख सोसूनही त्यांनी काम थांबवले नाही. २७ जुलै १९४९ रोजी, त्यांच्या वाढदिवशीच, कंपनीचे नवे जेट विमान प्रथम आकाशात झेपावले. त्याचे नाव होते ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू. २ मे १९५२ रोजी ते प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघाले. सारे जग थक्क झाले.

पण १९५४ साली जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोन कॉमेट विमाने हवेतच फुटून इटलीजवळच्या समुद्रात कोसळली. छप्पन्न माणसे दगावली. सर्व कॉमेट विमाने जमिनीवर उभी राहिली.

शास्त्रज्ञांनी एक कॉमेट पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवले. त्यात पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवला आणि कमी केला. शेवटी खिडकीच्या कोपऱ्याजवळ पत्रा फाटला. एखादी तार तुम्ही वारंवार वाकवली, तर ती तुटते ना? तसेच येथे घडले होते. उंचावर विमानातील हवेच्या दाबाने पत्र्यावर ताण येई, खाली उतरल्यावर तो कमी होई. असे प्रत्येक उड्डाणात होऊन पत्रा कमजोर झाला होता.

हा दोष लपवला गेला नाही. चौकशी जाहीरपणे झाली. कंपनीने अधिक मजबूत आणि अधिक लांब पल्ल्याचे ‘कॉमेट ४’ बनवले. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी त्याने प्रवाशांना अटलांटिक महासागरापार नेले. त्याच महिन्यात अमेरिकेचे ‘बोइंग ७०७’ त्या मार्गावर आले आणि व्यापारात पुढे गेले.

२१ मे १९६५ रोजी जेफ्रींचे निधन झाले. मुलांनो, आज प्रवासी विमानाची नवी जात तयार झाली, की तिच्या सांगाड्यावर हजारो उड्डाणांइतका ताण देऊन तो तपासतात. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची ही काळजी कॉमेटच्या अपघातांनीच जगाला शिकवली.