विश्लेषण : घरातली ओल हटवण्याचे गणित कोणी मांडले?

पावसाळा लागला की उरणच्या मोरा बंदराजवळच्या घरांत कपाटातले कपडे कुबट होतात, मिठाला पाणी सुटते, भिंतीवर बुरशी दिसू लागते. दम्याच्या रुग्णांना ही बुरशी त्रासदायक ठरते. उपाय म्हणून एसी किंवा डीह्युमिडिफायर घेतला जातो. ही यंत्रे ज्यांच्या गणितावर चालतात, ते विलिस कॅरियर मात्र या वाटेला आले ते एका छापखान्यामुळे.

कॅरियर कोण होते?

जन्म २६ नोव्हेंबर १८७६, न्यूयॉर्क राज्यातील अँगोला येथे, शेतकरी कुटुंबात. अपूर्णांक जमेनात, तेव्हा आईने सफरचंदे कापून शिकवले. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पदवी आणि बफेलो फोर्ज कंपनीत नोकरी. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनच्या एका छापखान्याची तक्रार आली. दमट हवेने कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. कॅरियर यांनी थंड नळ्यांवरून हवा फिरवून आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणण्याची योजना आखली.

धुक्यातून काय सुचले?

पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर धुके पाहताना त्यांना उलगडले की, हवा थंड केली की तिच्यात मावेल तेवढेच बाष्प उरते. म्हणजे थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली तरी ती कोरडी करता येते! ऐकायला उलटे वाटते, पण १९०६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. १९११ मध्ये त्यांनी तापमान, आर्द्रता आणि दवबिंदू यांची सूत्रे अभियंत्यांपुढे ठेवली. महायुद्धाच्या काळात कंपनीने हा विभाग गुंडाळला, तेव्हा सहा सहकाऱ्यांसह १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचे रिव्होली चित्रपटगृह गार झाले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या घरात ते कसे लागू पडते?

पावसाळ्यात २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. ती १५ अंशांपर्यंत थंड केली की जवळपास निम्मे पाणी गळते. पुन्हा २६ अंशांवर आणली की आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. डीह्युमिडिफायर हेच करतो. एसीही करतो, पण खोली गार होताच त्याचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पाणी काढणेही थांबते. पावसाळ्यात गारवा असूनही चिकचिक राहते ती म्हणून.

मग खिडक्या बंदच ठेवायच्या?

नाही. डीह्युमिडिफायर आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. खिडकी सताड उघडली तर काढलेली ओल परत येते. म्हणून संपूर्ण घराच्या यंत्रणेत बाहेरची हवा मोजून घेतात आणि आधी कोरडी करून मग खोल्यांत सोडतात. साध्या घरात यंत्र चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात, पण स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट लावावा. गॅस पेटवून घर कोंडून घेऊ नये. कपडे घरात वाळत घातले तर त्यांचे सगळे पाणी हवेतच जाते. आणि गच्चीतून पाणी झिरपत असेल, तर आधी गवंडी बोलवावा, यंत्र नंतर.