काठावर पास झालेला प्रबंध अन् नोबेल: स्वान्ते अऱ्हेनियस

दहावी-अकरावीची पोरं आज आयनिक समीकरणं सोडवतात. त्यामागची कल्पना ज्या प्रबंधातून पुढं आली, त्याला विद्यापीठानं जेमतेम पास केलं होतं. तो प्रबंध स्वान्ते अऱ्हेनियस यांचा.

त्यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1859 रोजी स्वीडनमध्ये उप्सालाजवळच्या विक इथं झाला. वडील जमीन मोजणीच्या कामात होते. उप्साला विद्यापीठात मनासारखं मार्गदर्शन मिळेना, म्हणून 1881 मध्ये ते स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे गेले. तिथं क्षारांच्या द्रावणांतून वीज कशी वाहते, हे ते मोजत बसले.

कोरडं मीठ वीज वाहू देत नाही, शुद्ध पाणीही जवळपास नाहीच. मिठाचं पाणी मात्र वाहू देतं. असं का? 1884 च्या प्रबंधात याच प्रश्नाचा शोध होता. उप्सालाच्या प्राध्यापकांनी प्रबंधाला चौथी श्रेणी दिली. इतक्या कमी श्रेणीवर विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद होण्याचीच वेळ आली. अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी पाठवल्या. रीगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड त्याच वर्षी त्यांना भेटायला थेट उप्सालाला आले. मग विद्यापीठालाही त्यांना अध्यापनाचं पद द्यावं लागलं.

1887 मध्ये त्यांनी सिद्धांत स्पष्ट मांडला: वीज सोडली नाही तरी विरघळलेला क्षार आयनांत सुटा झालेलाच असतो. अनेकांना ते पटेना. सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन तर विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोघं गप्प कसे? उत्तर होतं विद्युतप्रभारात. प्रभार असलेला आयन आणि मूळ अणू यांचे गुणधर्म वेगळे.

यामुळं समीकरणाचा हिशेब सोपा झाला. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, तर सोडियम आणि नायट्रेट होते तसेच राहतात. दोन्ही बाजूंना सारखे, म्हणून वजा. उरतं एवढंच: सिल्व्हरचा धनायन अधिक क्लोराइडचा ऋणायन, तयार होतो सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यातही तसंच. हायड्रोजनचा धनायन अधिक हायड्रॉक्साइडचा ऋणायन, बनतं पाणी. जोडी कोणतीही घ्या, तेवढ्याच पाण्यामागं उष्णता जवळपास सारखीच का निघते, हे कोडंही सुटलं.

1903 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारे ते पहिले स्वीडिश. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणितही त्यांनी 1896 मध्येच मांडलं होतं. 2 ऑक्टोबर 1927 रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं. चौथी श्रेणी देणाऱ्यांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. अऱ्हेनियस यांचा सिद्धांत मात्र शाळेच्या पुस्तकात आहे.