पलूसकर : डोळे अधू झालेल्या माणसानं गाणं कागदावर आणलं

येत्या २१ ऑगस्टला पंडित विष्णू दिगंबर पलूसकर यांची पुण्यतिथी. १९३१ साली याच दिवशी मिरजेत त्यांचं निधन झालं. त्यांचं मूळ आडनाव गाडगीळ. घराणं आपल्या पलूसचं, म्हणून पुढं पलूसकर झालं. किर्लोस्करवाडी स्टेशनवरनं रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना हे नाव आपल्या शेजारच्या गावावरनं पडलंय, हे ठाऊक नसतं.

पण आज त्यांच्याबद्दल लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या गावच्या भजनी मंडळात एक म्हातारे होते. गवळणीची एक चाल फक्त त्यांनाच यायची. एका पोरानं ती मोबाईलमध्ये घेतली होती. म्हातारे गेले, पुढं मोबाईलही पाण्यात पडला. आता मंडळात आठ जण बसले तरी आठ तऱ्हेनं ती चाल म्हणतात, आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. सातबाऱ्याला नोंद नसलेल्या जमिनीसारखी तिची गत झाली. गाण्याची अशी नोंद करून ठेवायला पलूसकरांनी आयुष्य घातलं.

कुरुंदवाडचा मुलगा

विष्णूंचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला झाला. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं. वडील दिगंबरपंत कीर्तनकार, त्यामुळं पेटी, टाळ, अभंग घरातच. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडं आणलं. दृष्टी काही नीट परत आली नाही. शाळा सुटली. ज्याला पुस्तक वाचता येत नाही त्यानं करायचं काय, असा प्रश्न घरापुढं पडला. मुलाचा गळा चांगला होता म्हणून गाणं शिकायचं ठरलं.

त्या वेळी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. बुवांनी तरुणपणी हाल सोसून ग्वाल्हेरची गायकी शिकून घेतली आणि ती आपल्या भागात आणली. आज महाराष्ट्रात जो ख्याल गायला जातो, त्यातला मोठा वाटा बुवांकडनं आलाय. त्यांच्या हाताखाली विष्णू नऊएक वर्षं राहिले. शिकायची रीत जुनी होती. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, गुरू गातील ते ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. वही उघडायची पद्धत नव्हती. गुरूंचा मूड लागला तर एक बंदिश मिळायची, नाही लागला तर महिना कोरडा. काही घराण्यांत तर बंदिश लेकीच्या हुंड्यात द्यायचे, असं जुने लोक सांगतात. एवढी ती जपायची आणि एवढीच ती लपवायची.

दुसरी गोष्ट त्यांना जास्त सलत होती. गवयाला दरबारात बिदागी मिळायची, पण समाजात मान नव्हता. चांगल्या घरच्या मुलानं, त्यातून मुलीनं गाणं शिकायचं म्हणजे घर बुडालं, असं लोक समजायचे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि उत्तरेची वाट धरली. बडोदा आणि ग्वाल्हेर झालं. सौराष्ट्रात त्यांनी थोडं तिकीट लावून सगळ्या लोकांसाठी गाणं केलं. राजेसाहेबांनी बोलावलं तरच गायचं, ही रीत त्यांनी तिथं मोडली. मथुरेत राहून व्रज भाषा आणि ध्रुपदाचा अभ्यास केला. मग पंजाब.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुणा एका राजाच्या मेहेरबानीवर नाही, लोकांच्या वर्गणीवर. कुणीही यावं, फी द्यावी, ठरल्या वेळी वर्गात बसावं. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र. आज आपल्याला हे साधं वाटतं, पण त्या काळी गाणं असं शिकवायचं म्हणजे लोकांना नवल होतं. बाहेर जाऊन शिकवणारे तयार व्हावेत म्हणून काही मुलांना नऊ वर्षांच्या करारावर ठेवून घ्यायचे. त्यांचं जेवणखाण, राहणं शाळेकडं.

आता तीस-चाळीस पोरं समोर बसलीत आणि मास्तर एकच. गुरूच्या घरासारखं एकेकाला वर्षानुवर्षं तोंडी सांगत बसणं जमायचं नाही. तेव्हा गाणं लिहावंच लागणार होतं. बडोद्यात मौलाबक्ष यांनी याआधी असे प्रयत्न केले होते आणि तिथं १८८६ साली गायनशाळाही निघाली होती. पलूसकरांनी आपली स्वतंत्र लिपी बसवली.

ती कशी, ते थोडक्यात सांगतो. स्वर आपल्याच अक्षरांत लिहायचे, सा रे ग म. खालच्या सप्तकातला स्वर असेल तर अक्षराच्या डोक्यावर टिंब. वरच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर उभी रेघ. कोमल स्वराला खाली पाय मोडल्याची खूण. स्वर किती वेळ धरायचा यासाठी खाली चिन्हं : एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. एवढं समजलं की ज्यानं ते गाणं कधी ऐकलं नाही, त्यालाही पेटीवर त्याचा सांगाडा काढता येतो.

सांगाडाच म्हणतोय, कारण जुन्या लोकांची तक्रार खोटी नव्हती. एका स्वरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किंवा आवाजातला दर्द कागदावर येत नाही. बियाणाच्या पिशवीवर माहिती छापलेली असते, म्हणून काही पीक उगवत नाही. तसंच हे. पण माहितीच नसेल तर पेरायचं काय, हाही प्रश्न आहेच.

संस्थेचा स्वतःचा छापखाना निघाला. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश अशी पुस्तकांची रांग लागली. संगीतामृत प्रवाह नावाचं मासिक काढलं. मुलाला कळेल अशा पायरीनं पाठ लिहायचे : आधी स्वर, मग अलंकार, मग छोटी बंदिश. ज्या माणसाला स्वतःला धड दिसत नव्हतं, त्यानं दुसऱ्यांनी वाचायची पुस्तकं काढली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यांचं सगळंच सर्वांना पटलं असं नाही. शिस्त फार कडक. बंदिशीतले शृंगाराचे शब्द काढून तिथं भक्तीचे शब्द घालायचे, त्यावर टीका झाली. त्याच काळात मुंबईत पंडित भातखंडे यांनीही रागांचा मोठा अभ्यास करून दुसरी लिपी बसवली. ती लिहायला सोपी, म्हणून आज जास्त करून तीच दिसते. पण शाळा काढून गाणं घरोघर नेण्यात पलूसकरांचा हात कुणी धरला नाही.

कर्ज आणि शेवट

१९०८ साली त्यांनी मुंबईत शाळा काढली. पुढं इमारत बांधली आणि तिथंच कर्ज झालं. मैफली करून पैसा उभा करायचा आणि तो शाळेत घालायचा, असं किती दिवस चालणार? १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. कर्जापायी जमीन जाताना आपण गावात पाहिलीय, त्यामुळं त्या माणसाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. नंतर ते नाशिकला आश्रम करून रामनामात रमले. रघुपती राघवची जी चाल आज सगळ्या देशाला पाठ आहे, ती त्यांच्याच नावावर सांगितली जाते.

घरातही दुःखच. बरीच मुलं लहानपणीच गेली. दत्तात्रेय तेवढा वाचला. वडील गेले तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. जुन्या रीतीनं बघितलं तर बापाची विद्या बापाबरोबर संपली असती. पण बापानं ती आधीच वाटून ठेवली होती. मिरजेत जन्मलेले विनायकराव पटवर्धन आणि कोल्हापूरचे नारायणराव व्यास या शिष्यांनी पोराला शिकवलं. तेच पुढं द. वि. पलूसकर म्हणून गाजले. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांचाच आवाज आहे. १९५५ साली ऐन चौतिशीत तेही गेले.

विनायकरावांनी रागविज्ञानाचे भाग लिहिले. मिरजेचेच दुसरे शिष्य बी. आर. देवधर यांनी संगीत कला विहार या मासिकाचं संपादन केलं आणि थोर संगीतकार हे पुस्तक लिहिलं. कोण कुणाकडं शिकला, रियाझ कसा करायचा, स्वभाव कसा होता, हे साध्या मराठीत. ज्यानं मैफल ऐकली नाही त्यालाही गवई डोळ्यापुढं दिसतो. गुरूच्या पश्चात शिष्यांनी मंडळ काढलं. तालुक्याच्या गावी आपल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, विशारदच्या परीक्षा देतात, त्या याच गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या.

मी बातमीदार. भजन स्पर्धेच्या बातम्या कितीतरी लिहिल्या. प्रत्येकीत श्रोते मंत्रमुग्ध झाले, कार्यक्रमाला रंगत आली. पण गाणाऱ्यांनी काय गायलं, चाल कुणाची, ठेका कुठला, पखवाजाला कोण, यातलं एक अक्षर नाही. ती बातमी वाचून कुणाला काय मिळालं असेल?

तेव्हा एक विनंती. तुमच्या मंडळात अजून जुनी चाल येणारं कुणी असेल, तर पेटीवाल्याला शेजारी बसवा. शंभर पानी वही घ्या. अभंगाचं पहिलं चरण, त्याखाली सारेगम, ठेका, आणि ही चाल त्यांनी कुणाकडनं घेतली ते नाव, एवढं लिहून घ्या. चुकलं तर खोडता येतं. आमच्या मंडळात आता तसं सुरू केलंय. गवळणीचं पान मात्र कोरं ठेवलंय. शेजारच्या गावात एका आजींना ती येते असं कळलंय, दसऱ्याआधी जाऊन यायचं आहे.