खराटा आणि आमचे अनुमान

नवख्या माणसाला पाहताक्षणी त्याचे मोल ठरवून टाकायची खोड आपणा सर्वांनाच आहे, नि आम्ही कीर्तनकार तर त्यात चार पावले पुढेच. म्हणून आज गाडगेबाबांचे स्मरण करू.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुळात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. वडील लवकर गेले. आईसह मामांकडे दापुऱ्यास राहून गुरे राखली, शेती केली. मामांनी सावकारावर विश्वास टाकला आणि जमीन गमावली, हे डेबूजींनी तिथेच पाहिले. १९०५ साली घर सोडले.

पुढचा वेष आपण जाणताच. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की मुकाट्याने रस्ते झाडू लागत. कोणी वेडा म्हणे, कोणी भिकारी, कोणी हाकलूनही देई. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहून वऱ्हाडी बोलीत कर्ज, दारू, पशुबळी, शिवाशीव यांवर श्रोत्यांनाच प्रश्न विचारू लागला, की भले भले निरुत्तर होत.

आम्ही थोडा न्याय शिकलो, म्हणून सांगतो. लोकांचे प्रत्यक्ष चुकले नव्हते. चिंध्या खऱ्या, खराटाही खरा. बाबा खरोखरच झाडणारे होते. घोटाळा झाला तो अनुमानात. चिंध्या आहेत म्हणून बुद्धी नाही, हा निव्वळ हेत्वाभास! शास्त्री म्हणवणारेही त्यात सापडतात.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, पण वेष बदलला नाही. पंढरीत जात विचारून ज्यांना ओसरीही मिळत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ बाबांनी देह ठेवला.

असो. एका कार्तिकीला आमच्या कीर्तनात अगदी पुढे एक मळकट सदऱ्याचा गृहस्थ येऊन बसला. आम्ही टाळकऱ्यांना डोळ्यांनी खुणावले; त्यांनी त्याला मागे सरकवले. तो निमूट सरकला. पंगत उठल्यावर आम्ही पाहिले, तर साऱ्यांच्या उष्ट्या पत्रावळी तो एकटाच गोळा करीत होता. जवळ जायचे धैर्य झाले नाही. त्याचे गावसुद्धा आम्ही विचारले नाही.