प्राणवायूचे संशोधक : जोसेफ प्रिस्टले

रावेरच्या परिसरात दूरवर केळीच्या बागा पसरलेल्या आहेत. केळीची ही हिरवी पाने हवेसाठी काय करतात? अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी हे कोणालाच माहीत नव्हते. ज्यांनी प्रयोग करून त्याचा पहिला धागा शोधला, त्यांचे नाव जोसेफ प्रिस्टले.

प्रिस्टले यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ झाला. वडील कापडाच्या धंद्यात होते. लहानपणीच आई वारली. आत्याने त्यांना वाढवले. बोलताना ते अडखळत, पण अभ्यासात फार हुशार होते. त्यांनी अनेक भाषा शिकल्या. अरबीचाही अभ्यास केला. पुढे ते धर्मोपदेशक व शिक्षक झाले.

लीड्समध्ये त्यांच्या घराशेजारी बिअर तयार करण्याचा कारखाना होता. तिथल्या पिंपांवर एक वायू साचत असे. जळती काडी त्यात धरली की विझून जाई. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्रिस्टले यांनी तो पाण्यात मिसळला आणि सोडावॉटर तयार केले.

१७७१ साली त्यांनी एक सोपा प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती लावली. थोड्या वेळाने ती विझली. अशा हवेत उंदीरही जगत नसे. मग त्यांनी त्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. काही दिवसांनी पाहतात तो काय! त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. बिघडलेली हवा वनस्पती सुधारतात, हे त्यांच्या लक्षात आले. या कामी वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो, हे पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने दाखवले.

१ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची उष्णता पाऱ्याच्या लाल भस्मावर पाडली. त्यातून एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती लख्ख जळू लागली. तेवढ्याच साध्या हवेत उंदीर जितका वेळ जगे, त्याच्या दुप्पट वेळ तो या वायूत जगला. हाच प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन. स्वीडनच्या शेले यांनीही तो आधी मिळवला होता. पण त्यांचे पुस्तक नंतर निघाले.

प्रिस्टले यांनी आपला शोध लपवून ठेवला नाही. पॅरिसला गेल्यावर त्यांनी तो लाव्हाझिए यांना सांगितला. लाव्हाझिए यांनी त्याचा खरा अर्थ लावला व वायूला ऑक्सिजन हे नाव दिले. पदार्थ जळतो, तेव्हा त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, असे त्यांनी सिद्ध केले. जळताना पदार्थातून एक अदृश्य द्रव्य बाहेर पडते, अशी जुनी समजूत होती. प्रिस्टले यांनी ती मरेपर्यंत सोडली नाही. शोध त्यांच्या हातात होता. पण जुन्या समजुतीमुळे तो त्यांना पुरता ओळखता आला नाही.

धर्म व राज्यकारभार यांविषयीची त्यांची मते अनेकांना आवडत नसत. जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅम येथे जमावाने त्यांचे घर जाळले. ग्रंथ व प्रयोगशाळा नष्ट झाली. अनेक वर्षांची मेहनत मातीला मिळाली. १७९४ साली ते अमेरिकेला गेले. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. तरी तिथे त्यांनी नवी प्रयोगशाळा उभारली आणि काम चालू ठेवले. १८०४ साली त्यांचे निधन झाले.

हवेच्या १०० भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन व २१ भाग ऑक्सिजन असतो. हा ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. पण केळीच्या बागेत ऊन पडले की प्रत्येक हिरवे पान तो हवेत सोडत असते. पुदिन्याच्या एका डहाळीने प्रिस्टले यांना हेच सांगितले होते.