नेब्रास्काचा वक्ता आणि राणीछाप रुपया

वक्तृत्व स्पर्धांसाठी मुले तयार करण्यात माझी तीसेक वर्षे गेली. शाळेत इतिहास आणि मराठी हे माझे विषय. जुलै उजाडला की टिळक पुण्यतिथीच्या स्पर्धेचे वेध लागत आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आमची तालीम सुरू होई. मुलांना धीर यावा म्हणून मी एक गोष्ट हमखास सांगत असे. अमेरिकेत १८९६ साली अवघ्या ३६ वर्षांच्या एका वकिलाने पक्षाच्या अधिवेशनात भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यालाच राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ज्यांचे नाव सगळ्यात पुढे होते ते बुजुर्ग नेते मागे पडले. गोष्ट संपली की मुलांचे डोळे चमकत आणि आवाज आपोआप चढत.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, की सर, मग तो राष्ट्राध्यक्ष झाला का? मी म्हटले, नाही. तिने पुन्हा विचारले, का नाही? काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मनात आले, की इतकी वर्षे आपण गोष्ट टाळ्यांपाशीच थांबवत आलो. पुढे काय झाले, हे मुलांना कधी सांगितलेच नाही. आज ते ऋण फेडावे म्हणतो.

त्या वकिलाचे नाव विल्यम जेनिंग्ज ब्रायन. जन्म १९ मार्च १८६० चा, इलिनॉय राज्यातल्या सेलम गावचा. वडील न्यायाधीश आणि अतिशय धार्मिक. घरात बायबलचे वाचन, प्रार्थना, दारूला स्पर्श नाही, असे वातावरण. कॉलेजात वादविवाद आणि वक्तृत्व गाजवून, शिकागोत कायद्याचे शिक्षण घेऊन तो वकिली करू लागला. १८८४ मध्ये मेरी बेअर्डशी त्याचे लग्न झाले. ही मेरी मोठी कर्तबगार बाई. नवऱ्याच्या कामात मदत व्हावी म्हणून तिने स्वतः कायद्याचा अभ्यास केला आणि १८८८ मध्ये सनदही मिळवली. त्याच्या भाषणांमागच्या अभ्यासात तिचा हात मोठा होता. १८८७ साली हे दांपत्य नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात राहायला गेले आणि तीनच वर्षांत ब्रायन अमेरिकी संसदेवर निवडून आला.

नेब्रास्का म्हणजे गव्हा-मक्याचा मुलूख आणि तितकाच कर्जाचाही. शेतकऱ्यांनी जमिनी गहाण टाकून कर्जे काढली होती आणि धान्याचे भाव वर्षानुवर्षे घसरत होते. हिशोब साधा आहे. गहू एक डॉलर बुशेल असताना ज्याने हजार डॉलर उचलले, त्याला मुद्दल फेडायला हजार बुशेल गहू पुरला असता. १८९४ मध्ये भाव सुमारे ५० सेंटांवर आला. आता त्याच मुद्दलाला दोन हजार बुशेल लागणार! कागदावर कर्ज तेवढेच, पण शेतात मात्र दुप्पट. आपल्याकडे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, ते का, हे ज्याला कळते त्याला नेब्रास्काचा शेतकरी परका वाटणार नाही.

ही घसरण कशामुळे? शेतकऱ्यांचे म्हणणे, देशात पैसाच कमी. अमेरिकेने १८७३ च्या कायद्याने चांदीचे मुक्त नाणे पाडणे बंद केले होते आणि चलन सोन्याशी बांधले गेले होते. सोने थोडे, व्यवहार वाढते, म्हणून डॉलर महाग आणि माल स्वस्त. चांदीचीही नाणी पाडा, सोळा भार चांदीला एक भार सोने हे जुने प्रमाण ठेवा, म्हणजे पैसा खेळेल, भाव चढतील आणि कर्जाचा बोजा हलका होईल, ही त्यांची मागणी.

इथे मला माझ्या आजीचा बटवा आठवतो. तिच्या पश्चात ट्रंकेच्या तळाशी तो सापडला. आत चांदीचे तोडे, कुणा बाळाचे वाळे आणि सात राणीछाप रुपये. त्यातल्या एका रुपयावर १८९३ साल आहे. त्याच वर्षी २६ जून रोजी सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर सराफाने चांदी घेऊन मुंबईत फोर्टातल्या टांकसाळीत जावे, आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. ती गेली आणि रुपया व चांदी यांची फारकत झाली. बायकांच्या अंगावरचे तोडे-वाळे म्हणजे घरातली बँकच. तिची किंमत रुपयांत मोजली तर उतरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या रुपयावरील ग्रंथात या सगळ्या उलाढालीची चिकित्सा केली आहे.

या निर्णयाने जगाच्या बाजारात चांदी कोसळली. अमेरिकेत त्या वर्षी आधीच बँका बुडत होत्या. चारच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी संसदेचे खास अधिवेशन पुकारले. सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करणे हा त्याचा हेतू. क्लीव्हलँड डेमोक्रॅटिक पक्षाचे, ब्रायनही त्याच पक्षाचा. तरीही ऑगस्टमध्ये तो स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध तीन तास बोलला. कायदा रद्द झालाच, पण पक्षात उभी फूट पडली.

१८९६ च्या उन्हाळ्यात शिकागोला पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा चांदीवाल्यांचे बहुमत होते आणि त्यांचे अग्रगण्य उमेदवार होते मिसूरीचे रिचर्ड ब्लँड. साठीचे, अनुभवी, १८७८ च्या चांदीखरेदीच्या कायद्याला ज्यांचे नाव लागले ते. चांदीसाठी त्यांनी वीस वर्षे घासली होती. रिवाजाप्रमाणे ते अधिवेशनाला न येता मिसूरीत आपल्या शेतावर राहिले. ब्रायनचे काय? संसदेतली जागा नाही, सिनेटची लढत हरलेला, आणि नेब्रास्कातून प्रतिस्पर्धी गटही आलेला असल्यामुळे सुरुवातीला सभागृहात बसायचीही खात्री नाही. मात्र तो नशिबावर विसंबला नव्हता. कित्येक महिने तो निरनिराळ्या राज्यांतल्या प्रतिनिधींना पत्रे लिहीत होता, गावोगाव बोलत होता. मुलांना मी हे सांगायला हवे होते.

९ जुलैला चलनाच्या ठरावावर चर्चा झाली. कोलिझियमच्या त्या अवाढव्य मंडपात हजारो माणसे, ध्वनिक्षेपक नाही, आणि आधीच्या काही वक्त्यांचा आवाज मागे पोहोचलाही नव्हता. ब्रायन सर्वांत शेवटी उठला. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेला. मजूर, खेड्यातला वकील, चौकातला दुकानदार आणि शेतकरी हेही व्यापारीच आहेत, असे त्याने मांडले. शहरे जळाली तरी शेते ती पुन्हा उभी करतील, शेते उजाड झाली तर मात्र शहरांच्या रस्त्यांवर गवत उगवेल, हा त्याचा युक्तिवाद. शेवटी मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू देणार नाही असे बजावून त्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि तसाच क्षणभर उभा राहिला. आधी शांतता, मग एकच कल्लोळ. प्रतिनिधींनी त्याला खांद्यावर उचलून मंडपभर मिरवले. तो दृष्टांत त्याने १८९४ मध्ये संसदेत वापरून पाहिला होता. उत्स्फूर्त वाटणाऱ्या भाषणामागे दीड वर्षाची तालीम होती!

दुसऱ्या दिवशी मतदान झाले. पहिल्या फेरीत ब्लँड २३५, ब्रायन १३७. म्हणजे भाषणानंतरही म्हातारा पुढेच होता. चौथ्या फेरीत ब्रायन पुढे सरकला, पाचव्या फेरीत राज्यांमागून राज्ये त्याच्याकडे वळली. चांदीच्या कार्याला दुसरा कोणी अधिक मानवत असेल तर आपली हरकत नाही, असा निरोप ब्लँड यांनी आधीच देऊन ठेवला होता. तो वाचून दाखवला गेला आणि मिसूरीची मतेही ब्रायनला पडली. वीस वर्षे राबलेला माणूस इतक्या शांतपणे बाजूला झाला. आता या वयात मला त्या गोष्टीतला हा भाग भाषणाइतकाच मोठा वाटतो.

त्याच महिन्यात पीपल्स पार्टी या शेतकऱ्यांच्या पक्षानेही ब्रायनला आपला उमेदवार केले. आज आपण लोकानुनयी राजकारण म्हणून नाक मुरडतो, त्यासाठीचा पॉप्युलिस्ट हा इंग्रजी शब्द मुळात याच पक्षाच्या अनुयायांसाठी रूढ झाला. मग ब्रायन रेल्वेने निघाला. १८,००० मैल, २७ राज्ये, सुमारे ६०० भाषणे. त्याआधी कोणत्याही उमेदवाराने मतदारांच्या दारात इतके जाणे शिष्टसंमत नव्हते. प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ले ओहायोतल्या आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले. रेल्वेगाड्या भरभरून लोकच त्यांच्याकडे आणले गेले. त्यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनी उद्योगपती आणि बँकांकडून सुमारे ३५ लाख डॉलर जमवले. ब्रायनकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेच होते.

पण फक्त पैशाने तो हरला, असे मी आता मुलांना सांगणार नाही. त्याच्या औषधातच खोट होती. बाजारात एक भार सोन्याला तीस भार चांदी मिळत असताना सोळाचे प्रमाण लावणे म्हणजे डॉलर निम्म्यावर आणणे. शेतकऱ्याचे कर्ज हलके झाले असते, पण पगारावर जगणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराची भाकरी महागली असती. त्या कामगाराला ब्रायनजवळ उत्तर नव्हते. शेतकऱ्याचे दुःख खरे होते, पण ज्या लोकांच्या नावाने तो बोलत होता त्यांत सगळे लोक आले नव्हते.

आणि एक विलक्षण योगायोग. त्याच वर्षी इकडे पाऊस रुसला. १८९६-९७ चा तो दुष्काळ. दख्खनमध्ये टिळकांचा केसरी फॅमिन कोडातले हक्क लोकांना समजावून सांगत होता. हिंदुस्थानचे पीक बुडाले, इतर देशांतही पीक कमी आले आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर अमेरिकेत गव्हाचा भाव चढला. चांदीवाचून गव्हाला भाव नाही, या ब्रायनच्या सिद्धांताला तिथेच तडा गेला. आमच्या सोलापूर-नगरच्या कोरड्या शिवारांचा धागा असा थेट नेब्रास्कापर्यंत गेला होता. ३ नोव्हेंबरला मॅकिन्ले २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी विजयी झाले. पुढे दक्षिण आफ्रिका आणि क्लोंडाइकचे सोने बाजारात आले, पैसा वाढला, भाव सुधारले. पैसा अपुरा आहे हे शेतकऱ्यांचे निदान बरोबर ठरले. फक्त इलाज दुसरीकडून आला.

ब्रायन १९०० मध्ये पुन्हा उभा राहिला, १९०८ मध्ये पुन्हा. दोन्हीदा हरला. मधल्या काळात जगप्रवासात तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि १९०६ मध्ये इथल्या इंग्रजी राज्यावर त्याने खरमरीत लेख लिहिला. जबर कर, शिक्षणाची हेळसांड आणि लोकांना कारभारात नसलेला आवाज, यांवर त्याने बोट ठेवले. पुढे गदर पक्षाच्या लोकांनी तोच लेख पुस्तिकारूपाने वाटला. १९१२ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात आघाडीवर असलेल्या चॅम्प क्लार्क यांची साथ सोडून त्याने वुड्रो विल्सन यांचे पारडे जड केले. गंमत म्हणजे क्लार्कही मिसूरीचेच! विल्सन यांनी त्याला परराष्ट्रमंत्री केले. पण जर्मनीला दिलेल्या कडक खलित्याने देश युद्धात ओढला जाईल, असे वाटताच १९१५ मध्ये त्याने ते पद सोडले. सत्ता मिळूनही तत्त्वासाठी ती टाकणारी माणसे तेव्हाही थोडीच होती.

प्राप्तिकर, सिनेटरांची थेट निवडणूक, स्त्रियांचा मताधिकार. यांसाठी तो वर्षानुवर्षे बोलला आणि १९१३ ते १९२० या काळात हे सारे अमेरिकेच्या घटनेत आले. हरलेल्या माणसाचे एवढे म्हणणे मान्य झाल्याची उदाहरणे फार नाहीत. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. दक्षिणेत काळ्या नागरिकांचा मताधिकार हिरावला जात असताना हा लोकांचा कैवारी त्यांच्या बाजूने उभा राहिला नाही. १९२४ च्या अधिवेशनात कू क्लक्स क्लॅन या संघटनेचा नाव घेऊन निषेध करायलाही त्याने विरोध केला. पक्ष फुटेल ही भीती. चांदीसाठी पक्ष फोडायला जो डगमगला नव्हता, तो इथे डगमगला.

शेवट डेटन गावच्या खटल्यात झाला. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या शिक्षकाविरुद्ध तो उभा राहिला. बलवानाने दुर्बळाला तुडवावे, या विचाराला हा सिद्धांत बळ देतो, असे त्याला वाटे. पण एका शिक्षकाचे तोंड बंद करणे हे त्यावरचे उत्तर नव्हे, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. समोर वकील क्लॅरन्स डॅरो होते. १८९६ मध्ये हेच डॅरो त्याच्या बाजूचे होते. त्यांनी उलटतपासणीत त्याला निरुत्तर केले. खटला संपल्यावर पाचच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी दुपारच्या झोपेतच ब्रायन गेला. तो रविवार होता.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. भेटली तर तिला सांगेन, की बाई, तो राष्ट्राध्यक्ष झाला नाही, कारण एका मंडपातले लोक म्हणजे सगळे लोक नव्हेत. पुढच्या रांगेतल्यांना जिंकणे त्याला साधले. मंडपाबाहेरच्या कामगाराला आणि मंडपात ज्यांना जागाच नव्हती त्यांना तो आपले म्हणू शकला नाही. तरीही कर्जात बुडालेल्या माणसाचे दुखणे त्याने साऱ्या देशाला ऐकायला लावले, हेही खोटे नाही.

अजून अधूनमधून शेजारची मुले भाषण बसवून घ्यायला येतात. त्यांना मी आता ही गोष्ट पूर्ण सांगतो, आणि सांगताना १८९३ चा तो राणीछाप रुपया त्यांच्या हातावर ठेवतो.